लेकीच्या वाटा

पासष्टाव्या वर्षी मी धावायला लागले, असं सांगितलं की आमच्या मोहल्ल्यातल्या बायका ओढणी तोंडाला लावून हसतात. मलाही हसू येतं. चिपळूणला उभं आयुष्य गेलं, त्यात मी धावले ती फक्त सकाळची एस.टी. पकडायला. तीसहून जास्त वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, मैदानात शिट्टी वाजवून पोरांना पळवलं. स्वतः मात्र आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. बाईमाणसाने, त्यातून मास्तरणीने पळायचं असतं का?

धावले ती इंग्लंडात, केझिक नावाच्या गावात, 2023 च्या उन्हाळ्यात. तेही हौसेने नाही. धाकटीचा पाय मोडला म्हणून.

धाकटी तिकडे फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे-घोटे सरळ करते आणि उरलेल्या वेळात डोंगरात धावते. त्या वर्षी ईद होऊन आठवडाही झाला नसेल, ओल्या पाटीच्या दगडावरून तिचा पाय सरकला आणि घोटा मोडला. आत पट्टी घालून स्क्रू बसवले. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. जावईबापू आठवडाभर मँचेस्टरला कामाला, शनिवार-रविवार घरी. माझा व्हिसा आधीपासून होता. तांदळाचं पीठ, कोकमं आणि सुका जवळा बॅगेत भरून मी मे महिन्यात पोचले.

केझिक हे लेक डिस्ट्रिक्टमधलं छोटं गाव. उत्तरेला स्किडॉ नावाचा डोंगर, 931 मीटर. दक्षिणेला डरवेंटवॉटर हे तळं, पाच किलोमीटरच्या आत-बाहेर लांब आणि दीड-दोन किलोमीटर रुंद. तळ्याच्या पलीकडे डोंगर जवळजवळ येतात आणि दरी आत आत जाते, तिला बॉरोडेल म्हणतात. तळ्यात चार बेटं, काठाने ओकची जंगलं, दगड आणि खोडं शेवाळाने हिरवी झालेली. दरीच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडातल्या वस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त पाऊस तिथे पडतो, म्हणजे जवळपास आमच्या कोकणाइतका. फरक एवढाच, आमच्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे वर्षभर हप्त्याहप्त्याने पडत राहतो.

मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. जगातलं पहिलं चांगलं शिसं (आपण पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते, खरं तर ग्रॅफाइट) या सीथवेटच्या डोंगरात सोळाव्या शतकात सापडलं. इतकं शुद्ध की कापून सरळ कांडी करावी. पुढे त्याला एवढी किंमत आली की खाणीवर पहारे बसले आणि चोरटा व्यापार सुरू झाला. केझिकला त्यावरच पेन्सिलींचा धंदा उभा राहिला आणि आता तिथे पेन्सिलींचं संग्रहालय आहे. आणि दरीच्या वरच्या घाटात, हॉनिस्टरला, पाटीच्या दगडाची खाण. पाटी आणि पेन्सिल दोन्ही एकाच दरीतल्या! जन्मभर मुलांच्या हातात जे दिलं, त्याचं जणू माहेरच बघायला मिळालं.

पण धाकटीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीशी पाय उंचावर ठेवून बसायची आणि डोंगराकडे बघत राहायची. जेवण अर्धं. बोलणं त्याहून अर्धं. आम्हा दोघींत तसंही बोलणं बेताचंच. भांडण कधी नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. का नव्हता, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे असं मला वाटत नव्हतं. ते पुढे सांगते.

एक दिवस ती म्हणाली, "अम्मी, तू तरी जाऊन ये. नुसती चाल. आणि आल्यावर मला सांग काय काय दिसलं."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने नकाशा पसरला. ऑर्डनन्स सर्व्हेचा, नारिंगी वेष्टनातला. पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी, चढउतार तपकिरी रेषांनी, दर दहा मीटरला एक. मी बघतच राहिले. समोच्च रेषा! पाचवी ते सातवीच्या पोरांना फळ्यावर किती वेळा काढून दाखवल्या असतील. रेषा जवळजवळ असल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सौम्य. परीक्षेत दोन गुणांना हमखास यायचं. पण हातात नकाशा घेऊन त्यातल्या एकाही रेषेवर मी पाय ठेवला नव्हता.

तिने पेन्सिलने एक वाट काढली. पहिली वाट अगदी सपाट. पेनरिथहून केझिकला येणारी रेल्वे 1972 साली बंद झाली, रूळ निघाले, त्या जागी थ्रेल्केल्ड गावापर्यंत पाचेक किलोमीटरची वाट झाली. ग्रेटा नावाची नदी शेजारून वाहते आणि वाट तिला पुन्हा पुन्हा ओलांडते. मध्ये एके काळी बॉबिनचा कारखाना होता. याच जंगलातलं लाकूड कापून सुताच्या रिळांची बॉबिनं व्हायची आणि लँकेशरच्या कापड गिरण्यांना जायची.

डिसेंबर 2015 च्या वादळात हॉनिस्टरला चोवीस तासांत 341 मिलिमीटर पाऊस झाला आणि या वाटेवरचे दोन पूल वाहून गेले. पाच वर्षांनी, 2020 च्या डिसेंबरात, वाट पुन्हा पूर्ण झाली. नव्या पुलावर मी उभी राहिले तेव्हा मला आमची वाशिष्ठी आठवली. 22 जुलै 2021 ला तिने आमच्या घरात छताला हात लावला होता. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहते, ती पुसायचा रंग अजून बाजारात आलेला नाही. त्या पुलावरून खाली बघताना परकं वाटलं नाही, एवढं खरं.

आठवडाभर मी चालले. रोज संध्याकाळी टेबलाशी बसून हजेरी द्यायची. कुठल्या वळणावर मेंढ्या होत्या, नदीला पाणी किती, हॉथॉर्न फुलला का. तिथल्या मेंढ्या हर्डविक जातीच्या. पिल्लू जन्मतं काळं आणि मोठं होताना राखाडी होत जातं, तोंड मात्र पांढरंफेक. आम्हा माणसांसारखंच, मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली.

मग म्हणाली, "उद्या दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. असं पाच वेळा."

"या वयात?"

"धावताना बोलता आलं पाहिजे, इतक्याच वेगाने. बोलता येत नसेल तर जास्त झालं. हा माझा धंदा आहे अम्मी, मला शिकवू नकोस."

जावईबापूंनी बूट आणले. सलवार-कमीज, वर पावसाचं जाकीट, ओढणीऐवजी डोक्याला घट्ट रुमाल. पहिल्या दिवशी लाजेने मेले. एक म्हातारा कुत्रं घेऊन समोरून आला. आता हा काय म्हणेल! तो टोपीला हात लावून "वेल डन, लास" म्हणाला आणि गेला. लास म्हणजे पोरगी. घरी येऊन सांगितलं तर धाकटी हसून हसून पायाला हात लावून बसली.

सगळं असंच गोड असतं असं नाही. 2021 च्या नाताळात मुस्लिम हायकर्स या गटाची शंभरेक माणसं पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॅम टॉरवर चालायला गेली. त्यांचे फोटो इंटरनेटवर आल्यावर ओंगळ शिव्यांचा पाऊस पडला. डोंगर कुणाचे, हा प्रश्न तिकडेही विचारला जातो. माझ्या वाट्याला तसं काही आलं नाही, म्हणून ते नाहीच असं मी लिहिणार नाही.

जूनमध्ये तिने लांबची वाट काढली. तळ्याला पूर्ण वेढा, सोळा किलोमीटर. "एकदम नको. अर्धी कर, दमलीस तर लाँचने परत ये." तळ्यावर लाँच फिरते आणि काठावरच्या धक्क्यांना थांबत जाते. गोवळकोटच्या धक्क्यावर होडीची वाट बघण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे हे मला एकदम पटलं.

गावातून निघालं की पहिल्यांदा फ्रायर्स क्रॅग. तळ्यात घुसलेलं खडकाचं टोक. तिथे जॉन रस्किनचं स्मारक आहे. हे नाव मी मराठी पुस्तकात वाचलेलं. 1904 साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत गांधीजींनी ज्याचं पुस्तक वाचलं आणि पुढे 'सर्वोदय' नावाने गुजरातीत उतरवलं, तोच. लहानपणी दाईबरोबर या खडकावर आल्याची आठवण त्याला जन्मभर पुरली. पुढे काठाकाठाने जंगल, मग लोडोर, तिथे धबधबा. तळ्याच्या डोक्याशी दलदल, तिच्यावर लाकडी फळ्यांची लांब वाट. पावलं टाकली की फळ्या वाजतात. मला माझ्याच धावण्याचा आवाज पहिल्यांदा तिथे ऐकू आला. धप धप नाही, बऱ्यापैकी तालात!

पलीकडचा काठ म्हणजे ब्रँडलहाउचं रान. ही जमीन 1902 साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने लोकवर्गणी काढून घेतली, लेक डिस्ट्रिक्टमधली त्यांची पहिली खरेदी. नाहीतर तिथे बंगले उठले असते आणि काठ कुंपणात गेला असता. आपल्याकडचे किनारे कुणी विकत घेतले आणि कशासाठी, हे इथे सांगायला नको.

त्या दिवशी मी हाय ब्रँडलहाउच्या धक्क्यावर थांबले. पाय थरथरत होते. लाँच यायला वेळ होता. ओकखाली बसले, पाण्यापलीकडे स्किडॉ दिसत होता, आणि का कुणास ठाऊक, रडू फुटलं.

1997 साल. धाकटी आठवीत. तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये ती पहिली आली, सलवार खोचून, अनवाणी. जिल्ह्याची स्पर्धा रत्नागिरीला, एक रात्र मुक्काम. संमतीपत्रावर पालकाची सही हवी होती. तिचे अब्बा तेव्हा कुवेतला. दर शुक्रवारी फोन यायचा. मी ते पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. मोठे दीर काही म्हणाले नव्हते. सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या. जमातीतलं कुणी काही म्हणालं नव्हतं. कुणी काही म्हणायच्या आधीच मी घाबरले. लोक काय म्हणतील ते मीच मनात म्हणून घेतलं. आणि शुक्रवारचा फोन झाल्यावर पोरीला सांगितलं, "अब्बांनी नको म्हटलंय."

त्यांना मी विचारलंच नव्हतं.

ती रडली नाही. कोरं पत्र शाळेत परत दिलं. त्यानंतर अब्बांचा फोन आला की ती अभ्यासाचं निमित्त करायची. पुढच्या सुट्टीत ते आले तेव्हा तिच्यासाठी पांढरे बूट घेऊन आले. तालुक्याला पहिली आल्याचं मी पत्रात कळवलं होतं, सहीचं नव्हतं कळवलं. तिने बुटांना हात लावला नाही. ते बिचारे मला विचारत राहिले, "माप चुकलं का गं?" बूट माळ्यावर गेले. 2005 च्या पुरानंतर घर साफ करताना ओले होऊन कुजलेले सापडले, टाकून दिले. तेव्हाही मी बोलले नाही. 2015 साली ते अल्लाघरी गेले, तेव्हाही नाही. मुलांना शाळेत शिकवत राहिले, खरं बोलावं.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले. नकाशा समोरच होता. जून महिन्यात तिथे सूर्य पावणेदहाला मावळतो आणि आकाश रात्रभर पुरतं काळं होत नाही. इशाची नमाज कधी पढायची याचा घोळ आम्ही दोघी रोज घालायचो. उजेड भरपूर होता. अंधार असता तर सांगणं सोपं गेलं असतं. मी सगळं सांगितलं. तारखेनिशी.

धाकटी पेन्सिल बोटांत फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी अब्बांना विचारलं होतं."

"कधी?"

"इकडे यायच्या आधी. 2012 ला. रात्री पडवीत बसलो होतो. म्हटलं, तुम्ही तेव्हा मला का नाही जाऊ दिलं?"

माझा श्वास अडकला.

"थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'हो बेटा, तेव्हा माझं चुकलं. आता तिकडे जाऊन धाव.' म्हणून तर मी इकडे आल्यावर बूट घेतले."

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. रोज समोरासमोर बसून आम्ही चहा प्यालो. त्या रात्री त्यांना नक्कीच कळलं असणार की हे खोटं कुणी सांगितलं असेल. त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. मी त्यांची खोटी सही केली, त्यांनी ती खरी करून टाकली.

आम्ही दोघी काही बोललो नाही. गळ्यात पडणं वगैरे आमच्या घरात नाही. ती कुबड्या घेऊन उठली, चहा ठेवायला लागली. एका पायावर उभी राहून. मी उठणार तर म्हणाली, "बस अम्मी. दमली आहेस." थोडा वेळ तिची पाठच दिसत होती मला. चहात साखर दोनदा पडली. मी तसाच प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशावर नवी वाट काढलेली होती. नुसती सपाट नाही, रेषा जवळजवळ आलेल्या. लॅट्रिग, 368 मीटर. म्हणजे तिने राग काढला की मान दिला, मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसांत तिने मला डोंगरात धावणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आधी सांगितल्या नव्हत्या. केझिकला बॉब ग्रॅहम नावाचा एक गृहस्थ पाहुण्यांसाठी घर चालवायचा. वय 42. जून 1932 मध्ये त्याने गावातल्या मूट हॉलपासून निघून चोवीस तासांच्या आत 42 शिखरं केली आणि परत तिथेच आला. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा वरचा सदरा. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, आणि सगळे चढ मिळून आठ हजार मीटरच्या वर. अजून लोक दरवर्षी तीच फेरी करू बघतात. जॉस नेलर हा वॉसडेलचा मेंढपाळ. पाठीचं दुखणं घेऊन वाढलेला, पण 2006 साली सत्तराव्या वर्षी सत्तर शिखरं धावला. आपल्या सह्याद्रीतल्या धनगरांना कुणी घड्याळ लावून मोजलं नाही, एवढाच फरक असेल, असं मला वाटून गेलं. जॉस 2024 च्या जूनमध्ये वारला, तेव्हा धाकटीने फोन करून मुद्दाम कळवलं.

आणि जास्मिन पॅरिस. ही प्राण्यांची डॉक्टर. 2019 च्या जानेवारीत पेनाइन वेची 268 मैलांची शर्यत तिने 83 तास 12 मिनिटांत जिंकली, सगळ्या पुरुषांच्या पुढे. आधीच्या विक्रमापेक्षा बारा तासांनी कमी. घरी तान्ही मुलगी, तर वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. हे ऐकून मी काही क्षण बोललेच नाही. मग विचारलं, "तिच्या सासूने काय म्हटलं?" धाकटी म्हणाली, "अम्मी, तू सुधारणार नाहीस."

लॅट्रिगवर मी धावत गेले नाही, खोटं कशाला सांगू. चढ चालले, कंबरेवर हात ठेवून, तीनदा बसून. वर आल्यावर गवताची मोकळी पाठ लागते आणि खाली सगळं एकदम उघडतं. गाव, तळं, चारही बेटं, पलीकडे कॅटबेल्स, त्यामागे बॉरोडेलची दरी धुक्यात शिरत गेलेली. जिथे तिचा पाय सरकला ती जागाही तिकडेच कुठेतरी. वरच्या सपाटीवर मात्र मी धावले. दोनशे पावलं असतील. वारा इतका की रुमाल फडफडून कानाशी वाजत होता. फोनवरून तिला दाखवायचं ठरलं होतं, तो काढायचं भानच राहिलं नाही. संध्याकाळी तिने चांगलंच झापलं.

बकरी ईदला जावईबापू शनिवारपर्यंत थांबले नाहीत, सुट्टी काढून आले. मी सांदणं केली. जुलैत एका रविवारी आम्ही तिला गाडीत बसवून थर्लमिअरला नेलं. मँचेस्टरला पाणी हवं म्हणून तिथे धरण बांधलं, 1894 पासून पाणी जायला लागलं, आणि दरीतल्या वाड्या बुडाल्या. कोयनेतल्या बुडालेल्या गावांचं मला ऐकून माहीत होतं. त्याच कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर आमच्या वाशिष्ठीत येतं. मँचेस्टरचे लोक नळ सोडताना थर्लमिअर आठवत असतील का? आम्ही तरी कुठे आठवतो.

ऑगस्टमध्ये तिला चालायची परवानगी मिळाली, सपाटीवर, काठी घेऊन. मी परत यायला आठ दिवस उरले होते. सकाळी आम्ही दोघी रेल्वेच्या वाटेवर गेलो. ऊन होतं. ती जपून पाऊल टाकत होती, मी तिच्या वेगाने चालायचा प्रयत्न करत होते आणि मला ते जमत नव्हतं. पाय आपोआप पुढे जात होते.

"अम्मी, तू जा पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."

"एकटी?"

"जा तू."

मी नव्या पुलापर्यंत धावत गेले. कठड्याला टेकून उभी राहिले. खाली ग्रेटा वाहत होती. वळणावरून काठीचा आवाज येत होता, ती अजून दिसायची होती.